पेवातली हवा

पेव म्हणजे काय, हे आता मला माझ्याच घरात समजावून सांगावं लागतं. माझी नातवंडं अमरावतीत वाढली. त्यांनी धान्य पाहिलं ते पोत्यात, नाहीतर कणगीत. जमिनीच्या पोटात पुरलेली ज्वारी म्हटलं की त्यांना हसू येतं, त्यांच्या हसण्याचा मला राग येतो, आणि राग आला की मी गोष्ट अर्धी सोडून उठतो. म्हणून यावेळी लिहूनच ठेवतो.

आमच्या तेल्हाऱ्याकडची जमीन सगळी काळी. ती पाणी धरून ठेवते आणि तिच्यात धान्य कुजतं. पण गाव वसतं ते पांढऱ्या मातीवर, आणि पेव खणायचं ते या पांढरीत, घराच्या अंगणातच. दोन पुरुष खोल खड्डा. तोंड एवढंच की माणूस खांदे आवळून उतरेल. आत मात्र घागरीसारखं फुगत गेलेलं पोट. कडेने कडबा आणि तुराट्या लावायच्या, शेणामातीने लिंपायचं, ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा ठेवून वर माती लोटायची. मग चार-पाच वर्षं कोणी तिकडे बघत नसे. वर बैल बांधत, लेकरं खेळत, बायका मिरच्या वाळवत.

आमच्या पेवात ज्वारीखेरीज आणखी कोणीतरी राहत होतं. आजोबांचा धाकटा भाऊ एकदा टोपलं घेऊन खाली उतरला तो स्वतःच्या पायांनी वर आला नाही. अंगावर जखम नव्हती, साप चावल्याची खूण नव्हती. तेव्हापासून तोच खाली राहतो असं घरातली माणसं मानत आणि त्याला ‘मालक’ म्हणत. उन्हाळ्यातल्या दुपारी, सगळं गाव निपचित पडलेलं असताना, अंगणात कान देऊन बसलं की जमिनीखालून सळसळ ऐकू यायची. धान्य कडेने आपोआप खचायचं, पण ते मला पुढे कळलं. माय म्हणायची, “मालक कूस बदलून राह्यले.” लहानपणी त्या जागेवरून मी कधी चालत गेलो नाही. पळतच जायचो.

पेव उघडायची रीत ठरलेली होती. शिळा सरकवली की घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईने शिंक्यात जवसाच्या तेलाचा दिवा ठेवून तो दोरीने खाली सोडायचा आणि म्हणायचं, “मालक, आमी येतो, तुमी सरका.” दिवा ज्वारीला टेकेपर्यंत जळत राहिला तर मालक सरकले. वाटेत विझला तर ते अजून घरीच आहेत. मग त्या दिवशी कोणी उतरायचं नाही. कडुलिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोरीला बांधायचा आणि तो दिवसभर पेवात वरखाली करायचा. याला ‘मालकाले वारं घालणं’ म्हणत. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा. कधीकधी तीन-तीन दिवस मालक हलत नसत, आणि आम्ही पोरं उपाशी पोटी त्यांना शिव्या घालत असू.

मी माळ्याचा मुलगा. वांगी, मिरच्या आणि झेंडू यांत वाढलो. वडील गेल्यावर भाजीची गाडी घेऊन अकोल्याला जाता-येता पाद्र्यांच्या शाळेशी ओळख झाली, पुढे अमरावतीला त्यांच्याकडेच राहिलो आणि बाप्तिस्मा घेतला. का घेतला ते सांगायला दुसरा कागद लागेल. पण एक गोष्ट कबूल करतो. सगळ्यात आधी मला त्यात आवडलं ते हे, की भ्यायचं कारण उरलं नाही. भूत नाही, नजर नाही, मालक नाही. मी एकदम मोकळा झालो, आणि मोकळ्या झालेल्या बैलाला जी मस्ती चढते ती मलाही चढली. अमावस्येला मुद्दाम मसणवट्यावरून जायचं, लिंबू दिसलं की लाथाडायचं, असले उद्योग मी करत असे. पाद्रीसाहेबांना ते आवडत नसत. ते म्हणत, “देवावर भरवसा ठेवणं वेगळं आणि शेजाऱ्याला खिजवणं वेगळं.” मी मान हलवायचो.

हे पाद्रीसाहेब उंच, हडकुळे आणि सतत प्रश्न विचारणारे होते. सकाळची प्रार्थना झाली की त्याच टेबलावर ते काचेची मोठी हंडी मांडत. पेटती मेणबत्ती ठेवून वर हंडी पालथी घालायची. ज्योत आधी लांबट व्हायची, मग निळसर, आणि मग कोणी फुंकर न घालता मिटायची. मग हंडीखाली एक चिमणी. ती चोच उघडून एका अंगावर कलली की साहेब हंडी उचलत, आणि ती थोडा वेळ धडपडून खिडकीतून उडून जाई. “ज्योतीला जी हवा लागते तीच जिवाला लागते,” ते म्हणत. “देवाने दोघांना एकाच पंगतीत बसवलं आहे.” हंडी धरायचं काम माझं. दोन वर्षं धरली. साहेब दौऱ्यावर असले की तेच वाक्य, तोच हात वर करून, मी मुलांना ऐकवत असे. पण ते सगळं अमरावतीच्या त्या टेबलावरचं. गावाकडच्या अंगणाशी त्याचा काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नाही.

ती कापसाची वर्षं होती. साता समुद्रांपलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे आमच्या गावच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. ज्याला त्याला कापूस पेरायचा होता. माझ्या थोरल्या भावाने वांगी उपटली, मिरची उपटली, ज्वारीचं वावरसुद्धा कापसाला दिलं. सगळ्यांनीच तसं केलं, आणि मग एक दिवस बाजारात ज्वारीच येईना. बायकांच्या गळ्यात सोन्याच्या सरी आणि चुलीवर नुसती अंबाडीची भाजी, असं चाललं होतं. अशात भावाचा निरोप आला. गाडीवानाने तो जसाच्या तसा सांगितला. “जुनं पेव उघडून राह्यलो. माय म्हनते लहान्याले बलाव.”

मी कापसाच्या रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांबरोबर निघालो. अकोल्यापर्यंत वाटेत रुळांसाठी भराव घालणाऱ्या लोकांच्या राहुट्या होत्या. अकोल्यापुढे काही नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांतला कापूस अडकलेला. कोसच्या कोस काट्यांना पांढरी झुलपं. वारा पडलेला असला तरी ती हलायची. गाडीवान तिकडे बघत नव्हता आणि मला बघायला लावत नव्हता. “गावात मानसं कमी अन् ही भुतं जास्त झाली,” एवढंच तो एकदा म्हणाला. मी त्याला हसलो, पण अंगावरची घोंगडी ओढून घेतली.

घरी मायने माझं ताट ओट्यावरच वाढलं. बाटलेल्याला आत कसं घ्यायचं. पण मग आपलंही ताट घेऊन ती माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसली. भाऊ जवळ उभा राहून माझ्याकडे बघत होता. तो मला कधीच काही बोलला नाही, बाप्तिस्मा घेतला तेव्हाही नाही. “बारीक झाला,” तो म्हणाला. “पाद्री जेवाले देत नाई का तुले?” त्याची दोन पोरं दारात उभी होती आणि त्यांच्या पायांच्या काड्या झाल्या होत्या.

शेजारचा माझा सोबतीही आला. आम्ही दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलो. मी बाटल्यावर गावात माझ्या हातची तंबाखू खाणारा तो एकटाच होता. त्याच्याही अंगणात बापाच्या काळचं पेव होतं. “तुमचं उघडलं का मंग आमचं,” तो म्हणाला. “घरात दाना नाई, गड्या. बैल इकून जवारी घ्यावं म्हनलं तं जवारीच नाई.”

सकाळी ऊन अंगणात आल्यावर भावाने आणि सोबत्याने पहारीने शिळा सरकवली. आतून उबट, आंबूस, थोडा गोडसर वास आला. तोंडाशी हात धरला तर कोमट. कोणी तरी आत झोपलं असावं आणि त्याचा उच्छ्वास लागावा तसा. भावजय पोरांना घेऊन मागे सरली. मायने शिंक्यात दिवा ठेवला, ज्योत हाताने झाकत वाकली आणि दोरी सोडू लागली. “मालक, आमी येतो, तुमी सरका.” पुरुषभर खाली जाण्याआधीच ज्योत लांबली, निळी पडली आणि मिटली. वारा नव्हता. आवाज नव्हता.

“घरीच हायेत,” माय म्हणाली. “लिंब आना.”

माझं डोकं फिरलं. दारात ती पोरं उभी, आणि ही माणसं एका मेलेल्या चुलत आजोबाची परवानगी मागत दिवस घालवणार. मी म्हणालो, “कोणी मालक-बिलक नाई. हे सगळं भेव हाय तुमचं. मी उतरतो.” माय नको म्हणाली. भाऊ नको म्हणाला. मी येशूचं नाव घेतलं, दोर धरला आणि खांदे आवळून आत शिरलो.

पेव अर्धं भरलेलं होतं. ढिगावर पाय टेकले, गुडघ्यापर्यंत ज्वारीत रुतलो. ज्वारी गरम होती. माझी उंची बरी, त्यामुळे डोकं पेवाच्या गळ्यापाशी होतं आणि वरून उन्हाचा एक पट्टा आत पडत होता. त्या उजेडात मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मायचा विझलेला दिवा माझ्या कमरेशी लोंबत होता. वातीचा धूर वर चढत नव्हता. कमरेइतक्या उंचीवर तो सपाट पसरला होता, पाण्यावर तेल पसरावं तसा, आणि मी हललो की त्या न दिसणाऱ्या पाण्यावर संथ लाटा उठत होत्या. मी त्याच्यात कमरेपर्यंत उभा होतो. माझे हात त्याच्याखाली होते आणि हातांना कोमट लागत होतं. कानात बारीक गुणगुण सुरू झाली. मला फार भीती वाटली. ती भीती मला मान्य करायची नव्हती, म्हणून मी मोठ्याने भजनाच्या दोन ओळी म्हटल्या आणि वर चढलो.

“बघा,” मी म्हणालो. “काय झालं मले?”

लहाना जाऊन आला म्हटल्यावर थोरल्याने मागे कसं राहायचं? भाऊ टोपलं घेऊन उतरला. वरून त्याचं पागोटं दिसत होतं. तो टोपलं भरायला वाकला. पागोटं उजेडातून गेलं. मग काहीच नाही. धडपड नाही, हाक नाही, कण्हणं नाही. फक्त ज्वारी थोडी सळसळली.

भावजयीने मारलेली किंकाळी मला लांबून आल्यासारखी ऐकू आली, कारण त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे काचेची हंडी उभी राहिली. लांबलेली ज्योत, निळी ज्योत, चोच उघडलेली चिमणी. मी उभा होतो म्हणून माझं तोंड वर राहिलं, तो वाकला. दोन वर्षं मी ती हंडी हातांनी धरली होती. मी तिथेच गुडघ्यांवर बसलो.

माय आणि भावजय मात्र बसल्या नाहीत. त्यांनी लिंबाचा भारा पेवात टाकला आणि दोघी मिळून तो वरखाली हाणू लागल्या. सोबत्याने घागरीभर पाणी ओतलं. मी कमरेला दोर बांधला, विहिरीत बुडी मारताना भरायचो तसा छातीभर श्वास भरला, आत गेलो, चाचपडत भावाच्या काखेतून दुसरा दोर काढला. डोळे मिटले होते. कानात पुन्हा गुणगुण. आम्हाला दोघांना सोबत्याने ओढून काढलं, एकट्याने. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती.

भाऊ अंगणात पडला होता, ओठ जांभळे. भावजय सुपाने वारा घालत होती, माय छाती चोळत होती, आणि मी, मला दुसरं काही सुचेना, आकाशाकडे बघत मोठमोठ्याने प्रार्थना करत होतो. तेवढ्यात गाव जमलं. गावाने पाहिलं ते एवढंच, की मी देवाचा धावा करतो आहे आणि मेलेला माणूस खोकून उठून बसतो आहे.

दुपारपर्यंत ते सगळ्यांच्या तोंडी झालं. याच्या देवाने मालकाला हरवलं. म्हातारी माणसं येऊन मला दुरून हात जोडून जात होती. दोन वर्षं ज्यांनी मला विहिरीवर येऊ दिलं नाही तेच. भाऊ खाटेवर पडल्या-पडल्या माझा हात सोडत नव्हता. “खाली कोनी तरी होतं,” तो हळूच म्हणाला. “पाठमोरं बसलं होतं. जवारी निवडून राह्यलं होतं. वळून पाहिलं नाई त्यानं.” मेंदूला हवा मिळाली नाही की माणसाला असं काहीबाही दिसतं हे मी त्याला पुढे कितीदा तरी समजावलं. तो मान डोलवायचा. पण मरेपर्यंत तो पेवाकडे पाठ करून कधी बसला नाही.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी इतका वेळ रेंगाळलो.

मला खरं कळलं होतं. अंगणात गुडघ्यांवर बसलो तेव्हाच कळलं होतं. मायचा दिवा खरा होता, लिंबाचा भारा खरा होता. देवाने भावाला वाचवलं असं मी आजही मानतो, पण वाचवलं ते त्या दोन बायकांच्या हातांनी आणि सोबत्याच्या तळव्यांनी, आणि त्याला मारायला निघालो होतो मी. हे मला त्याच दिवशी चावडीवर उभं राहून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. हात जोडणारी माणसं बघून मला बरं वाटत होतं. मी स्वतःला म्हणालो, यांचं मन देवाकडे वळतं आहे, मध्ये हवेचं शास्त्र कशाला काढायचं? उद्या सांगू.

दिवेलागणीला सोबती ओट्यावर आला. हातांना हळदीच्या चिंध्या बांधल्या होत्या.

“तुहा तो मंत्र शिकव मले,” तो म्हणाला.

मंत्र नव्हे, प्रार्थना, असं मी म्हणालो. “तेच ते,” तो म्हणाला. मी शिकवली. एकेक ओळ मी म्हणायची आणि त्याने मागून म्हणायची. तो अडखळायचा, मी सुधारायचो. गुडघे टेकायचे, हात जोडायचे, डोकं खाली घालायचं, तेही दाखवलं. त्याने तिथेच ओट्यावर गुडघे टेकून पाहिले आणि हसला. मला किती आनंद झाला काय सांगू! माझ्या हातून देवाकडे येणारा हा पहिला माणूस, तोही माझा सोबती.

जाता जाता तो वळला. “सकाळी पेव उघडतो. दिवा सोडाचा का नाई?”

ओसरीवर तीन-चार माणसं बसली होती. सगळी माझ्याकडे बघत होती. सोड, असं म्हटलं असतं तर दुपारपासून चाललेलं सगळं संपलं असतं. मी म्हणालो, “तुह्या मनावर हाय.” एवढंच. मी येईन, असंही म्हणालो. पण तो तोवर अंगणाबाहेर पडला होता.

सकाळी मी उठलो आणि पाद्रीसाहेबांना पत्र लिहायला बसलो. उजेड चांगला होता, बोरू चांगला होता. मृत मनुष्य कसा उठून बसला, हे वाक्य मी तीन वेळा खोडून चौथ्यांदा सजवत होतो. तेव्हा शेजारून आरडाओरड ऐकू आली.

त्याच्या पेवाच्या काठावर त्याचं पागोटं नीट घडी घालून ठेवलेलं होतं. बायको दोर धरून उभी होती आणि दोर सैल होता. माय माझ्या मागोमाग आली होती. तिने दिवा पेटवून खाली सोडला. वीतभर आत गेला आणि विझला. धूर पेवाच्या तोंडाशीच सपाट पसरला. हे पेव काठोकाठ भरलेलं होतं, आणि ते ज्वारीने नव्हे. मी श्वास धरून दोनदा उतरलो. दोन्ही वेळा तळापर्यंत पोचलो नाही. मला ओढून काढलं. लिंबाचा भारा दुपारपर्यंत हलत राहिला तेव्हा कुठे दिवा खाली टेकला.

तो ज्वारीवर गुडघे टेकून होता. हात जोडलेले, कपाळ धान्याला टेकलेलं. मी शिकवलं होतं तसंच.

त्या दिवशी मी चावडीवर उभा राहिलो. सगळं सांगितलं. हंडी, मेणबत्ती, चिमणी, भाऊ का पडला, मी का वाचलो, आणि हे मला कालच माहीत होतं हेसुद्धा. कोणी मारलं नाही मला. मारलं असतं तर बरं झालं असतं. एका म्हाताऱ्याने विचारलं, “मंग तुहा देव काय कामाचा?” आज कोणी विचारलं तर सांगेन, की मी विचारायच्या कितीतरी आधी त्याने उत्तर माझ्या मायच्या हातात देऊन ठेवलं होतं; मीच ते लाथाडलं. पण तेव्हा हे सुचलं नाही. माय घरी आल्यावर म्हणाली, “म्हंजे मालकच न रे? तू त्याले हवा म्हन, आमी मालक म्हनतो. दिवा सोडल्याबिगर उतरू नये, एवढं समजलं तरी लय झालं.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो, आणि तिने मला शिवू दिलं.

मी तेरवीपर्यंत राहिलो. गावातली उरलेली पेवं उघडली तेव्हा प्रत्येक ठिकाणी दिवा मी सोडला. बायका मालकाला हाक मारत, मी मनात प्रार्थना करी, आणि ज्योत जळत राहिली तरच माणूस उतरे. पुढे हे मी पाद्रीसाहेबांना सांगितलं. “दोन वर्षं मी तुला हंडी धरायला लावली,” ते म्हणाले, “आणि तुझ्या गावात धान्य कुठे ठेवतात हे एकदाही विचारलं नाही.” त्यानंतर त्यांनी प्रत्येक मुलाला आधी त्याच्या घरचं विचारायला सुरुवात केली. पण हे नंतरचं.

निघायच्या दिवशी मी सोबत्याच्या दारात गेलो. आत जायचं धैर्य नव्हतं. त्याची बायको बाहेर आली, कपाळ मोकळं. मला वाटलं आता ती शाप देईल, आणि मी त्याची वाटच बघत होतो.

“भाऊजी, एक इचारू का?” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“आदल्या राती त्यायनं चार येळा म्हनून दाखवला मले तुमचा मंत्र. खाली गेल्यावरबी म्हनला. मले वरून आयकू येत होता. मंग बंद झाला. म्या हाक नाई मारली. म्हनलं, देवाचं नाव घेऊन राह्यले, मधात बोलू नये.” तिने पदर पुढे ओढला. “त्यात काई चुकलं का हो त्यायचं?”

चावडीवर मी हवेचं सांगितलं तेव्हा ती तिथे नव्हती. नंतर कोणीतरी तिला सांगितलंही असेल. पण ती ते विचारत नव्हती.

“नाई वयनी,” मी म्हणालो. “एकबी शब्द चुकला नाई.”

तिने मान हलवली, आत गेली आणि जात्याशी बसली. त्याच पेवातली ज्वारी होती. घरात दुसरं धान्य नव्हतं.